आमची वाटचाल : आधी वस्तूची पाठ

पुण्यात जुनी घड्याळे, लाकडी सामान आणि चांदीची भांडी विकत घेण्याचा, तसेच मालकांच्या वतीने ती विकून देण्याचा आमचा व्यवसाय आता २७ वर्षांचा झाला आहे. दुकान लहान आहे. पुढे दोन खोल्या, मागे पडवी आणि त्या पडवीत सुतारकामाचे टेबल. माणसेही चारच : मी, माझी पत्नी, एक वयस्क सुतार आणि अलीकडे आमचा मुलगा. वस्तू मिळवणे सोपे नसते आणि विकणेही सोपे नसते, परंतु या दोहोंच्या मध्ये तिचे वर्णन लिहिण्याचे जे काम येते, ते सर्वांत अवघड. आमची वाटचाल म्हणजे बव्हंशी त्या लिहिण्याचीच हकीकत आहे.

माझे वडील घड्याळजी होते. मनगटी घड्याळे पोटासाठी आणि भिंतीवरची टोल्यांची घड्याळे आवडीसाठी, असा त्यांचा हिशेब असे. पेठांतल्या वाड्यांत जाऊन ते घड्याळ उतरवून आणीत, मशीन सोडवून रॉकेलमध्ये धूत, झिजून लांबट झालेल्या भोकांना नवे बूश बसवीत आणि पुन्हा जागेवर टांगल्यावर डोळे मिटून लंबकाची चाल ऐकत. ‘टिक’ आणि ‘टक’ यांत सारखे अंतर नसेल, तर घड्याळ तिरके बसले आहे हे त्यांना कानाने कळे. काम संपले की मशीनच्या मागच्या पितळी पाटीवर सुईच्या टोकाने ते आपली आद्याक्षरे आणि तारीख कोरीत. अनेक जुन्या घड्याळजींची ती पद्धत होती. गिऱ्हाइकाला ती दिसत नसे आणि दिसावी अशी अपेक्षाही नसे.

पुढे वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या आणि दिवाणखान्यातले सामान दोन खोल्यांच्या सदनिकांत मावेनासे झाले. घड्याळ भंगारात, सागवानी कपाट सुताराकडे फळ्यांच्या हिशेबाने आणि चांदी सराफाकडे मोडीच्या भावात जाऊ लागली. वडिलांच्या ओळखीची घरे होती, त्यामुळे आमच्याकडे निरोप येत. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फेरी मारून जे मिळेल ते उचलावे, पुसून-घासून मांडावे आणि ‘फार जुने आहे’ एवढ्या शब्दांवर विकावे, अशी आमची पहिली तीन वर्षे गेली. त्या काळात आमच्याकडून वस्तू घेणाऱ्यांपैकी किती जणांना आपण नेमके काय घेतले हे कळले असेल, याचा विचार केला की आजही अवघडल्यासारखे होते.

या पद्धतीचा शेवट एका ‘अ‍ॅन्सोनिया’ घड्याळाने झाला. तबकडीवर त्या अमेरिकन कंपनीचे नाव होते, म्हणून पावतीवरही आम्ही तेच लिहिले. चौथ्या दिवशी एक निवृत्त अभियंता ते घड्याळ काखेत धरून परत आले आणि त्यांनी स्वतःच आमच्या टेबलावर तबकडी सोडवली. मशीनवर आठ टोकांच्या ताऱ्यात ‘जे’ हे अक्षर होते, म्हणजे ते जर्मनीतल्या श्रामबर्गच्या युंगहान्स कंपनीचे निघाले. तबकडी नव्याने छापून चिकटवलेली होती. आणि लाकडी खोक्याच्या पाठीवर आधीचे कुठले तरी तिसरेच मशीन बसवल्याची चार रिकामी भोके होती. ते रागावले नाहीत. “तुम्ही नाव वाचलंत, भोकं मोजली नाहीत,” एवढेच म्हणाले. पैसे परत केले आणि ते घड्याळ पुढे ‘तीन घड्याळांचे भाग जोडून केलेले, चालू स्थितीतले’ असे लिहून निम्म्याहून कमी किमतीत विकले. आम्ही लिहिलेले ते पहिले खरे वर्णनपत्र.

तेव्हापासून दुकानात आलेली वस्तू आम्ही आधी पाठीकडून पाहतो. घड्याळाची तबकडी काढल्याशिवाय त्याविषयी एक अक्षर लिहायचे नाही, हा नियम झाला. मशीन आणि खोके यांच्या भोकांचा मेळ बसतो का, लंबक वर्षानुवर्षे जिथे हलला तिथल्या लाकडाचा रंग वेगळा पडला आहे का, टोल्याच्या गाँगचा ठसा जुळतो का, हे पाहायचे. काही खुणा काळही सांगतात. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी मालावरील खुणांचे कायदे झाले आणि त्यानंतर परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची रीत रुळली. म्हणून ‘मेड इन जर्मनी’ असा ठसा असलेले घड्याळ कोणी १८७० चे म्हणून सांगू लागले, तर तिथेच थांबणे बरे. अ‍ॅन्सोनियाची यंत्रसामग्री १९२९ साली सोव्हिएत सरकारला विकली गेली, त्यामुळे अस्सल अ‍ॅन्सोनिया त्या सुमारापेक्षा अलीकडचे असत नाही. जपानी सेकोशा कंपनीचा कारखाना १८९२ सालचा. तिचे घड्याळ त्याहून जुने असणे शक्यच नाही, तरी ‘पणजोबांच्याही आधीचे’ म्हणून ते दरवर्षी आमच्याकडे येतेच.

एकदा एक गृहस्थ घड्याळ घेऊन आले आणि ते आजवर कोणीही उघडलेले नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. मागची पाटी भिंगाखाली धरली तर तिच्यावर तीन तारखा निघाल्या आणि त्यांतली एक माझ्या वडिलांच्या अक्षरातली होती. गृहस्थांना आम्ही ती दाखवली. ते ओशाळले, मग हसले. वर्णनपत्रात आम्ही ‘तीन वेळा दुरुस्ती झाल्याच्या नोंदी’ असे लिहिले आणि त्यामुळे किंमत कमी न होता थोडी वाढलीच. न उघडलेले घड्याळ म्हणजे सुकलेल्या तेलाचे आणि कोरड्या पडलेल्या आसांचे घड्याळ, हे जाणकार ग्राहकाला ठाऊक असते. याच ओघात सांगतो : काटे तीनवर असताना पाच टोले पडले, म्हणजे घड्याळ बिघडले असे समजू नये. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये टोल्यांची मोजणी खाचांच्या एका स्वतंत्र चाकावर चालते, तिला काट्यांचा पत्ता नसतो; ती हाताने जुळवून घेता येते. ‘टोले चुकतात’ म्हणून कितीतरी उत्तम घड्याळे भंगारात गेली आहेत.

लाकडी सामानाचे शिक्षण आम्हाला आमच्या सुताराने दिले. सागाला काळपट रंग देऊन वर पॉलिश मारले की तो समोरून शिसवी दिसतो. परंतु शिसवी खुर्ची एका हाताने उचलताना जो भार मनगटावर येतो, तो रंगाने आणता येत नाही. तरीही शंका राहिली, तर ते खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या, कोणी न रंगवलेल्या लाकडावर पटाशीची कोर हलकेच फिरवतात. गोल टेबलाच्या बाबतीत त्यांची कसोटी आणखी सोपी आहे. लाकूड आडव्या बाजूने आकसते, उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे अखंड फळ्यांचा शंभर वर्षांचा गोल टेबलपृष्ठभाग दोन दिशांनी मोजला, तर काही दोऱ्यांचा (दोरा हे सुताराचे बारीक माप) फरक येतो. दोन्ही मापे तंतोतंत सारखी आली की ते टेप गुंडाळतात आणि काही न बोलता चहाला जातात.

आमच्याकडे आलेल्या सामानात माझ्या लक्षात सर्वाधिक राहिलेली वस्तू म्हणजे नदीकाठच्या एका वाड्यातले दोन दारांचे सागवानी कपाट. त्याच्या अंगावर जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर एक आडवी, फिकट रेघ होती, जणू कोणी दोरी धरून आखली असावी. खालचे खण ओढले की अडखळत आणि खणाच्या सरकत्या पट्ट्यांखाली करड्या, पिठासारख्या मऊ गाळाचा थर वाळून बसला होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर जे पाणी पेठांत शिरले, त्याची ती रेघ होती. रंधा मारून, नवे पॉलिश चढवून कपाट उजळावे, असा माझा विचार होता. सुताराने रंधा हातात घेतलाच नाही. “हे गेलं की मग नुसतं कपाट राहील,” असे ते म्हणाले. आम्ही सांधे घट्ट केले, खण मोकळे केले, रेघ तशीच ठेवली आणि वर्णनपत्रात पहिल्याच ओळीत ‘पुराच्या पाण्यात भिजलेले, पाठीच्या खालच्या दोन फळ्या नंतर बदललेल्या’ असे लिहिले. पाच-सहा जणांनी ती ओळ वाचून पाठ फिरवली. ज्यांनी कपाट घेतले, त्यांचे बालपण त्याच भागात गेले होते आणि त्यांनी किमतीवर घासाघीस केली ती मात्र नेटाने केली.

मोठ्या सामानाविषयी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. मच्छरदाणीच्या खांबांचा शिसवी पलंग किंवा एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडवलेले, नक्षीने भरगच्च असे काळ्या शिसवीचे बाक यांची किंमत आज कारागिरीपेक्षा लिफ्टच्या दारावर ठरते. जे सुटे होऊन वर नेता येते ते विकले जाते. जे होत नाही त्याची आम्ही मालकांना खोटी आशा दाखवत नाही.

चांदीचा भाग पत्नीकडे आहे, कारण तिचे माहेर सराफीतले. सुरुवातीला तिने मला छावणीतल्या बंगल्यांतून आलेल्या चहाच्या संचांची पाठ वाचायला शिकवली. पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे मस्तक म्हणजे लंडन, एक सुटे अक्षर म्हणजे वर्ष, आणि राजाचे अथवा राणीचे मस्तक असेल तर १७८४ ते १८९० या काळात भरलेल्या कराची खूण. याउलट ‘ई. पी. एन. एस.’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) ही चार अक्षरे कित्येकदा चार वेगळ्या ढालींत अशी उठवलेली असतात की घाईत पाहणाऱ्याला तीही सरकारी छाप वाटावी. ती मुलाम्याची भांडी : आत तांबे, जस्त आणि निकेल, वर चांदीचा पातळ थर. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी या कृतीचे एकस्व (पेटंट) १८४० साली घेतले आणि पुढे ती सर्वत्र पसरली. ‘विलायती चांदी’ म्हणून जपून ठेवलेला संच मुलाम्याचा आहे, हे सांगण्याचे काम घरच्या वडीलधाऱ्यांसमोर करणे जड जाते. पत्नी ते माझ्यापेक्षा बऱ्या रीतीने करते.

आपल्याकडच्या भांड्यांवर असे छाप सहसा नसतात, पण नावे असतात. १९४० पर्यंतचा चांदीचा रुपया एक तोळा वजनाचा असे आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. असे रुपये आटवून घरची भांडी घडवून घेण्याची रीत होती, त्यामुळे त्यांचा कस बहुधा त्याच्या आसपास येतो. एका तांब्यावर आम्हाला लग्नाच्या आहेराची ठिपक्यांची ओळ दिसली, तारखेसह. पत्नीने तो हातात फिरवला, अंगठा एका जागी थांबला. तिथे पत्रा किंचित दबत होता. तिने त्यावर हुंकारा दिल्यासारखा श्वास सोडला आणि त्या वाफेत क्षणभर आधीचे, कानशीने घासून काढलेले दुसरेच नाव उमटून विरून गेले. तांब्या एका घरातून दुसऱ्या घरात केव्हातरी गेला होता; कसा, ते तांब्या सांगत नाही आणि आम्हीही लिहीत नाही. ‘पूर्वीचे नाव काढलेले, त्या जागी पत्रा पातळ’ एवढे लिहितो. सराफ वजनावर भाव देतो आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. आम्ही वजनाची किंमत, घडणावळीची किंमत आणि नावामुळे पडणारा फरक असे तीन आकडे वेगळे दाखवतो, जेणेकरून विकणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत ते दिसावे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. पुरावस्तू आणि कलानिधी यांचा १९७२ चा कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि शंभर वर्षांपलीकडच्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आजीचे घड्याळ नेऊ इच्छितात, तेव्हा आधी पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वस्तूचे वय ठरवून घ्या, असे आम्ही सांगतो, मग तो सौदा फिसकटला तरी चालेल. हस्तिदंताचे जडावकाम असलेली वस्तू आम्ही विक्रीला घेतच नाही.

हल्ली वर्णनपत्रे मुलगा लिहितो. ‘त्या काळातले’, ‘त्या धाटणीचे’, ‘जोडलेले’ आणि ‘नव्याने केलेले’ हे चार शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत, एवढे त्याला बजावले आहे. मागच्या महिन्यात त्याने माझ्याच एका जुन्या वर्णनपत्रातले ‘काळातले’ खोडून ‘धाटणीचे’ केले आणि त्यासाठी मला ड्रॉवरच्या डव्हटेल, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या पाचरी सांध्यांवरच्या यंत्राच्या खुणा दाखवल्या. त्याचे बरोबर होते.

ज्यांना वस्तू दाखवायची असेल, त्यांना एक विनंती आहे. चांदी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासू नये, लाकडाला तेल लावू नये आणि घड्याळाचा लंबक काढून वेगळा आणावा. मागची धूळसुद्धा तशीच राहू द्यावी.