बांधापलीकडची बाग

१८ फेब्रुवारी, रात्र

आज मित्राच्या द्राक्षबागेत खुडणी सुरू झाली. दिवस उगवायच्या आत गेलो, शेवटची गाडी पॅकहाऊसकडे सुटली तेव्हाच घरी आलो. आता झोप येत नाही.

आमचे मळे कादवा नदीच्या काठी, बांधाला बांध. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. बागाही एकाच वर्षी लावल्या. डॉगरीज जातीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची कलमं केली तेव्हा तो माझ्याकडे राबला, मी त्याच्याकडे. तेव्हापासून दर हंगामाला कुणाचा माल काय भावाने गेला ही तुलना ठरलेली. गाव करतं, घरचे करतात, आणि सगळ्यांत जास्त मी करतो. त्याला किलोमागे दोन रुपये जास्त मिळाले की तोंडाने "झकास झालं" म्हणतो आणि पोटात कालवतं.

यंदा मी ५ सप्टेंबरलाच गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी, उरकली. आगाप मालाला भाव असतो हे खरं, पण त्याच्याआधी माझा माल निघावा हीच घाई जास्त होती. तो म्हणाला होता, "पाऊस अजून हटला नाही रे, थांब थोडा." मला वाटलं, हा मला पुढे जाऊ देत नाही. त्याने १२ ऑक्टोबरला छाटली.

डिसेंबरच्या मध्यावर रात्री अवकाळी आला. माझे मणी पिकू लागले होते, पाणी उतरून साल नाजूक झालेली. पत्र्यावर थेंब वाजले आणि मनात पहिलं आलं ते हे, की पडायचाच असेल तर त्याच्याही बागेवर पडू दे. आलं आणि गेलं असंही नाही. अंथरुणात उठून बसलो आणि त्याच्या मळ्याकडे जोर किती आहे ते कान देऊन ऐकत राहिलो.

चारच्या सुमाराला उघडलं. बांधावर ट्रॅक्टरचा दिवा दिसला. घडांतलं पाणी उडवायला तो ब्लोअर घेऊन आला होता, स्वतःची बाग सोडून. म्हणाला, "माझे मणी अजून कडक आहेत, आधी तुझं बघू." उजाडेपर्यंत एकेका ओळीतून ट्रॅक्टर फिरवला. तरी मणी तडकलेच. देठापाशी बारीक चीर, तिच्यातून रस गळून खालचे मणी चिकट झालेले. दोन दिवसांत घडांना आंबूस वास सुटला. निम्म्याहून जास्त माल काढून बांधावर टाकला, तोही टाकायला त्यानेच हात लावला.

आज बायका कात्रीने घड कापत होत्या, देठाला धरून, मण्यावरचा पांढरा थर पुसला जाऊ नये म्हणून. व्यापाऱ्याच्या माणसाने १८ मिलिमीटरची रिंग मण्यावर धरली. मणी रिंगेतून गेला नाही, इतका जाड भरला होता. मित्राने आधी माझ्याकडे बघितलं, मग व्यापाऱ्याकडे. मला आनंद झाला, अगदी आतून झाला. त्याच क्षणी माझ्या रिकाम्या ओळीही डोळ्यांपुढे आल्या. इतकी वर्षं वाटायचं की खऱ्या मित्राच्या मनात हे दुसरं येऊच नये. आज दोन्ही एकदम आलं आणि आनंद कमी झाला नाही.

निघताना त्याने एक घड फडक्यात बांधून दिला, "वहिनींना दे." तो समोर ताटलीत आहे. त्या रात्रीचं बोलावं असं आज तीनदा ओठांवर आलं, पण भोवती माणसं होती.

उद्या उरलेल्या ओळी. सहाला बोलावलंय. बायका यायच्या आत आम्ही दोघंच बाग फिरून येतो, तेव्हा सांगणार आहे.