वजन कुठल्या पायावर? इस्रायली फेर शिकवताना

इस्रायली लोकनृत्य शिकवायला घेतलं की बहुतेक जण दिशेपासून सुरुवात करतात: डावीकडे चार, आत चार, बाहेर चार. मुलं दिशा पटकन उचलतात, आणि तरीही नाच मध्येच फिसकटतो. कारण पाऊल जमिनीला लागलं म्हणजे शरीराचं वजन त्यावर गेलंच असं नसतं. वजन चुकीच्या पायावर राहिलं की पुढच्या मात्रेला हवा तो पाय मोकळाच नसतो. फेरात दिसणाऱ्या निम्म्याहून अधिक चुकांचं मूळ इथेच असतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पहिली पाच मिनिटं संगीत नको. फेर धरून उभं राहायचं आणि दोनच हुकूम द्यायचे: ‘टाका’ आणि ‘टेकवा’. ‘टाका’ म्हणजे पूर्ण वजन त्या पायावर, ‘टेकवा’ म्हणजे नुसती बोटं जमिनीला. कोण चुकतंय हे कळायला सोपी खूण आहे: ‘टाका’नंतर दुसरा पाय उचलायला सांगायचा. तोल गेला तर वजन गेलेलं नाही.

मग होरा. हा नाच मुळात रोमानियाकडचा. पॅलेस्टाईनमध्ये आलेल्या ज्यू वसाहतकऱ्यांनी तो आपलासा केला, आणि नर्तक बारूख अगदाती यांनी १९२४ मध्ये बसवलेला होरा रंगमंचावर गाजला. शिकवायची साधी रीत सहा मात्रांची. डावा पाय डावीकडे टाका. उजवा त्याच्या मागून टाका. डावा पुन्हा डावीकडे. चौथ्या मात्रेला डाव्यावरच लंगडीसारखी छोटी उडी आणि उजवा पुढे झुलवा. पाचव्याला उजवा जागेवर टाका. सहाव्याला उजव्यावर उडी आणि डावा पुढे. फेर सरकतो डावीकडे.

इथे गंमत अशी की ज्यांचा कान चांगला तीच मुलं चुकतात. गाण्याची ओळ आठ मात्रांची, पाऊल सहाचं. चांगला कान असलेलं मूल नवी ओळ सुरू झाली की पाऊलही नव्याने सुरू करतं. दोन्ही पुन्हा एकत्र येतात ते चोवीस मात्रांनी. म्हणून आधी मोजून, मग नुसत्या ढोलकीच्या ठेक्यावर आणि शेवटी गाण्यावर. शिक्षकाने सहाच्या सहा अंक ओरडू नयेत, फक्त पहिल्या मात्रेला ‘डावा’ म्हणावं.

होऱ्यानंतर ‘मायिम मायिम’. १९३७ मध्ये नाआन या किबुत्झवर (सामूहिक शेतीवसाहतीवर) पाण्याच्या उत्सवासाठी एल्झे दुब्लोन यांनी तो बसवला. संगीत इमॅन्युएल अमिरान यांचं, शब्द बायबलमधल्या यशया १२:३ मधले. हा नाच पुढे इतका पसरला की जपानच्या शाळांमधली मुलंही तो शिकतात. पहिला भाग सोळा मात्रांचा, चारचे चार फेरे, तोंड मध्याकडे, सरकणं डावीकडे: उजवा डाव्याच्या पुढून, डावा बाजूला, उजवा डाव्याच्या मागून, डावा बाजूला किंचित उसळून. तिसऱ्या मात्रेवर डोळा ठेवा. मुलं उजवा पाय मागे नेतात पण तिथे वजन टाकतच नाहीत, मग चौथ्या मात्रेला डावा उचलता येत नाही आणि सगळा फेर ओढला जातो. उपाय म्हणजे फक्त मागचं पाऊल दहादा, हात न धरता, गुडघा वाकवून. मागचं पाऊल लांब पडलं की कंबर फिरते, म्हणून ते टाचेजवळच हवं.

दुसऱ्या भागात चार मात्रा धावत आत, हात वर. चार मात्रा मागे, हात खाली. आणि पुन्हा एकदा. मुलं आत जाताना पावलं मोठी टाकतात आणि मागे येताना लहान, त्यामुळे फेर आवळत जातो. जमिनीवर खडूने फेराची रेघ आखा आणि प्रत्येक वेळी तिच्यावर परत या. एकात एक दोन फेर असतील तर आतल्यांनी निम्म्या लांबीचीच पावलं आत टाकावीत, नाहीतर टक्कर ठरलेली.

तिसऱ्या भागाच्या रीती जागोजागी थोड्या वेगळ्या आहेत. मी शिकवते ती अशी: उजव्याने सुरू करून डावीकडे चार धावती पावलं. वजन डाव्यावर येतं. मग डाव्यावर उड्या, उजवा पुढे टेकवा, बाजूला टेकवा, असं आठ मात्रा. मग पाय बदला: उजव्यावर उड्या, डावा पुढे आणि बाजूला, पुढे टेकवताना टाळी, बाजूला नेताना हात उघडे. पहिल्या पाच मिनिटांतला ‘टेकवा’ इथे कामाला येतो. पाय बदलताना आठव्या मात्रेला उजवा टेकवायचा नाही, टाकायचा, हे आधीच सांगून ठेवा.

ध्वनिमुद्रणं बहुतेक वेगवान असतात. मोबाइलवर वेग पाऊणपट करता येतो, सूर तोच राहतो. तिथून सुरुवात करा. फरशीवर मोजे घालून कोणालाही नाचू देऊ नका. काँक्रीटवर उड्यांनी पोटऱ्या भरून येतात, तिथे टाच जेमतेम उचला. ज्येष्ठांसाठी सगळ्या उड्यांच्या जागी गुडघ्याचा हलका हेलकावा चालतो, मात्रा बिघडत नाहीत.

येमेनी पाऊल मी सगळ्यात शेवटी घेते, कारण ते दिसतं सोपं. उजवा बाजूला, डावा जवळपास जागेवर, उजवा डाव्याच्या पुढून, आणि चौथ्या मात्रेला थांबा. लगेच तेच डाव्याने. ही थांबलेली मात्रा मुलांना सहन होत नाही, ती तिथे एक पाऊल कोंबतात आणि पुढचं सगळं उलट्या पायाने होतं. त्या मात्रेला तोंडाने ‘वाक’ म्हणायला लावा, गुडघा वाकला की पाय आपोआप थांबतो. येमेनी ज्यूंची ही चाल सारा लेवी-तनाई यांच्या १९४९ मध्ये स्थापन झालेल्या इनबाल या नृत्यसंस्थेने रंगमंचावर आणली. बाहेरून आलेल्या मुलांना ती कवायतीसारखी शिकवू नये, वरखाली झुलणं हाच तिचा जीव आहे.

समाजमंदिरात शिकवायचं असेल तर आधी विचारून घ्या. धर्मपालन काटेकोर असलेल्या गटात शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) वाद्य किंवा मोबाइल चालत नाही, तोंडाने गाऊन नाचावं लागतं. स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळा फेर धरतात. मग शिक्षकही दोन लागतात. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद इथे स्थायिक झालेल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू, कुटुंबांतल्या आजीआजोबांना फेरात घ्यायचं असेल तर मात्रा मराठीतच मोजा, ‘टाका, टेकवा’ त्यांना लगेच कळतं. शिक्षकाने मधोमध उभं राहू नये. समोरून पाहणाऱ्याला त्याचे पाय उलटे दिसतात. फेरातच, ज्याला जमत नाही त्याच्या उजव्या हाताला उभं राहावं: फेर डावीकडे सरकतो, म्हणून त्याच्या मागून येणारा शिक्षक त्याला हलकेच पुढे सारू शकतो.