आमची वाटचाल : खाऱ्या पाण्यात आम्ही तांबं घातलं नाही

२००९ साली नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात फक्त फ्रीज आणि वॉटर कूलर दुरुस्त होत. माशांच्या टाकीशी संबंध आला तो रामदासपेठेतल्या एका डॉक्टरसाहेबांमुळे. त्यांच्या घरी चारशे लिटर खाऱ्या पाण्याची टाकी होती. त्यात क्लाउनफिश, क्लीनर कोळंबी, आणि झोआंथस, लेदर, मशरूम असे मऊ प्रवाळ. कडक सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते त्यांनी कधी ठेवले नाहीत.

एप्रिलात त्यांचा फोन आला. "भाऊ, चिलर चालू आहे, पण पाणी तिसाच्या खाली येऊनच नाही राहिलं."

चिलर म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र. गेलो आणि दाब मोजायचे गेज लावले. आतल्या आर-१३४ए गॅसचा दाब अडीचशे पीएसआयच्या वर, कॉम्प्रेसर दर पंधरा मिनिटांनी ट्रिप. बाहेरून आलेलं यंत्र, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर चिमुकला, दोनच ओळींचा, आणि तो टाकीखालच्या बंद कपाटात कोंबलेला. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत होता. मी तीन ओळींचा कंडेन्सर बसवला, पंखा मोठा केला आणि सगळा सांगाडा सावलीच्या बाल्कनीत नेला. रात्रीपर्यंत पाणी २६ वर आलं. डॉक्टरसाहेब टाकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, "तुम्हीच का नाही बनवत?"

तिथून आमचा चिलर सुरू झाला. मुंबईहून खाऱ्या पाण्यात न गंजणारी टायटॅनियमची कॉइल मागवली. आपल्या नेहमीच्या टॉर्चने टायटॅनियम जोडता येत नाही, म्हणून जोड पाण्याबाहेर फ्लेअर नटवर, म्हणजे नळीचं तोंड पसरवून नटाने आवळून, घ्यावा लागतो. फ्लेअर जरा वाकडा बसला तरी गॅस गळतो. हे काम माझ्या भागीदाराच्या हातचं. त्याचा फ्लेअरिंगचा जुना संच अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल काढायला तो व्हॅक्यूम पंप पूर्ण दोन तास चालवी. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी पंप आधी बंद होत नसे.

आता २०१३ चं सांगतो, कारण ते मनातून अजून गेलेलं नाही. त्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला. आमच्याकडे नोंदण्या इतक्या की आम्ही रात्री दुकानातच झोपत होतो. आमच्याकडेच तीन वर्षं काम शिकलेल्या एकाने त्याच सुमारास वेगळं दुकान टाकलं. गेज कसा धरायचा हे त्याला मी शिकवलेलं. त्याने आमच्यासारखाच डबा, तसाच कंट्रोलर, भाव मात्र निम्मा ठेवला. निम्मा, कारण आत टायटॅनियमऐवजी तांब्याची कॉइल, वरून नुसता रंग मारलेला.

खाऱ्या पाण्यात तो रंग किती टिकणार? तांबं विरघळत गेलं, आणि ते कोळंबी-प्रवाळांना विषच. गावात पाच-सहा टाक्यांतले जीव एकापाठोपाठ मरू लागले, आणि नाव बद्दू झालं आमचं. डबा सारखा दिसे ना! लोक दुकानाच्या पायरीवर येऊन विचारत, "काऊन भाऊ, तुमच्या चिलरनं मारली ना आमची कोळंबी?" जूनपर्यंत अकरा नोंदण्या रद्द झाल्या. आगाऊ घेतलेले पैसे परत करायला मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. भागीदार म्हणाला, आपण परत फ्रीजकडे वळू. मी तयार झालो होतो.

डॉक्टरसाहेब त्या टाक्या पाहायला स्वतः घरोघर गेले. आधी कोळंबी मेली का, मग गोगलगाय, मग मऊ प्रवाळ मिटले का, आणि मासे तेवढे जिवंत राहिले का, एवढंच विचारलं. उत्तर सगळीकडे एकच. उष्णतेने मरताना सहसा असा क्रम लागत नाही, तांब्याने लागतो. मग तांबं तपासायच्या किटने पाणी तपासलं, चिलर उघडायला लावले, आणि मालकांना हिरवट पडलेली कॉइल दाखवली. त्यातला एकही डबा आमचा नव्हता. तरी ज्याने ते बनवले त्याने आजवर एका शब्दाने कबूल केलेलं नाही. ज्या अकरा जणांनी नोंदणी रद्द केली त्यांपैकी दोघे परत आले.

नंतरची वर्षं सरळ गेली. बांगड्या सुटल्या, मुलगा कामाला लागला.

न विचारता दोन गोष्टी सांगतो. टाकी शंभर-दीडशे लिटरची असेल तर चिलरआधी पाण्यावर पंखे लावा. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी आहे, त्यात पंखा तीन-चार अंश सहज खाली आणतो. एक लिटर पाणी वाफ होताना शंभर लिटरांतून साडेपाच अंशांहून जास्त उष्णता काढून नेतं. मात्र उडालेलं पाणी आरओच्या गोड पाण्यानेच भरा. वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. खारं पाणी भरत गेलात तर खारटपणा चढत जाईल. आणि त्याच खोलीत वाळ्याचा कूलर लावू नका. दमट हवेत पाणी उडत नाही, पंखे नुसते फिरतात. जुलैतही तेच होतं, म्हणून पारा उतरला तरी पावसाळ्यात टाकी तापते आणि लोक चकित होतात. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, दुपारी २४ आणि रात्री ३० असा हेलकावा प्रवाळाला एकसारख्या २८ पेक्षा वाईट. चिलर घ्यायचाच तर दुकानात येण्याआधी तो जिथे ठेवणार त्या जागेचं तापमान दुपारी तीन वाजता मोजून आणा.

डॉक्टरसाहेब आता निवृत्त आहेत. त्यांच्या बाल्कनीत आमचा पहिला चिलर चालू आहे. कॉम्प्रेसर एकदा बदलला, पंखा दोनदा. कॉइल तीच आहे, भागीदाराने बसवलेली.