मास इफेक्टचे मुक्काम: सिटाडेलपासून कडारापर्यंत

गेले तीन महिने रोज संध्याकाळी मी एकच प्रवास करत होते. मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेम मालिकेची लेजेंडरी एडिशन, म्हणजे पहिल्या तिन्ही भागांचा एकत्र संच, एकाच शेपर्डला (आपण खेळतो ती कमांडर) घेऊन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या मधे चौथा खेळ, अँड्रोमेडा. हे सगळे भाग पूर्वी खेळून झाले होते, पण सुटे सुटे, मधे काही वर्षं जाऊ देऊन. यावेळी लढायांपेक्षा मला ते मुक्काम बघायचे होते जिथे बंदूक पाठीला लावून नुसतं फिरायचं, दुकानं बघायची, दोन अनोळखी माणसांचं बोलणं कान देऊन ऐकायचं. म्हणजे हब. पहिल्या भेटीत सगळेच हब छान वाटतात. चौथ्यांदा तिथे उतरताना पाय उचलतो का, हे मला तपासायचं होतं.

कथेतले मोठे धक्के इथे फोडलेले नाहीत. छोट्या भेटीगाठींचा उल्लेख मात्र येईल.

२००७ च्या पहिल्या भागात ईडन प्राईम या ग्रहावरची मोहीम आटोपली की आपलं जहाज, नॉर्मंडी, सिटाडेल या अंतराळ स्थानकाला लागतं. खेळातल्या कोडेक्सप्रमाणे (माहितीकोशाप्रमाणे) हे स्थानक ४४.७ किलोमीटर लांब आहे आणि वस्ती १ कोटी ३२ लाख, त्यात कीपर, म्हणजे स्थानकाची निगा राखणारे मुके जीव, धरलेले नाहीत. प्रेसिडियम या मधल्या भागात पाऊल टाकलं की हे आकडे खरे वाटतात. मधोमध पाणी, त्यावर पूल, वर खोटं पण शांत आकाश. वॉर्ड्सच्या वस्तीकडे गेलं की तेच स्थानक अंधारं, दाट होतं आणि खिडकीतून त्याचे लांबलचक बाहू दिसतात. चारही खेळांत एवढं ऐसपैस फिरायला दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

याच भागात दूतावासांच्या इथे समेश भाटिया नावाचा गृहस्थ भेटतो. त्याची बायको, निराली, ईडन प्राईमवर लढताना गेली. त्याला तिचा देह अंत्यसंस्कारासाठी हवा आहे. अलायन्सला, म्हणजे माणसांच्या सैन्याला, तो संशोधनासाठी ठेवायचा आहे, कारण गेथ या यंत्रशत्रूंच्या शस्त्रांनी झालेल्या जखमा अभ्यासल्या तर पुढच्या सैनिकांचे जीव वाचू शकतात. बंदुकीची एक गोळी न झाडता हे प्रकरण मिटवायचं असतं. शेपर्डला अधिकाऱ्याचं मन वळवता येतं किंवा समेशचं. यावेळी मी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि उत्तर द्यायच्या आधी बराच वेळ कंट्रोलर मांडीवर ठेवून बसले. हबमध्ये असं थांबून राहता येतं. लढाईच्या मोहिमेत ते शक्य नसतं.

पण सिटाडेलची ही पहिली भेट अंगावर येते. कामंच इतकी मिळतात की कथा पुढे सरकायच्या आधीच माणूस थकतो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा सलग तीन संध्याकाळी इथेच घालवल्या आणि नंतर कित्येक दिवस खेळ उघडलाच नाही. म्हणून नव्यांना माझं सांगणं: शेपर्ड स्पेक्टर, म्हणजे सिटाडेलच्या सरकारची खास हस्तक, होईपर्यंतचं मुख्य काम उरका, वाटेत सहज होतील ती कामं करा आणि निघा. कीपर स्कॅन करायचं काम, एकूण २१ कीपर, एका दमात संपवू नका. दर खेपेला चार-पाच पुरेत. मात्र विरमायर ग्रहावरच्या मोहिमेनंतर सिटाडेलला परत बोलावणं आलं की ती शेवटची खेप समजा. तिथून नॉर्मंडी निघाली की सिटाडेलची उरलेली कामं कायमची गेली.

लिफ्टबद्दलही सांगायला हवं. मूळ खेळात त्या फार रेंगाळायच्या. लेजेंडरी एडिशनमध्ये वेळ कमी झाला आहे आणि बटण दाबून लिफ्ट मधेच संपवताही येते. निदान सुरुवातीला ते बटण दाबू नका. सोबतचे दोघं एकमेकांशी बोलतात ते या लिफ्टमध्येच, आणि तुम्ही नुकत्याच केलेल्या मोहिमेची बातमीही इथेच कानावर पडते. दर भेटीला सोबती बदला, रेक्सबरोबर टाली, मग गॅरसबरोबर ॲश्ली. बोलणी वेगळी निघतात.

एवढं असूनही तिसऱ्या-चौथ्या भेटीत हे सिटाडेल मंदावतं. नवी कामं येतात, पण फिरताना दिसणारी माणसं त्याच जागी, त्याच वाक्यावर उभी असतात. नोव्हेरिया ग्रहावरचं पोर्ट हॅन्शन आकारानं लहान असूनही जास्त घट्ट बांधलेलं वाटलं. बाहेर हिमवादळ, आत कंपन्यांचं राजकारण आणि गॅरेजचा पास मिळवायचे एकाहून अधिक मार्ग. घाईनं पास घेऊन पुढे जाऊ नका, आधी सगळ्यांशी बोला. तिथल्या जियाना पारासिनीशी नीट वागलात तर तिची ओळख दुसऱ्या भागात कामी येते. फेरोसची वसाहत मोहिमेपुरती आहे, तिथे रेंगाळण्यासारखं फारसं नाही.

दुसरा भाग २०१० चा. इथे एका मोठ्या शहराऐवजी चार लहान मुक्काम आहेत: ओमेगा, सिटाडेलचा झाकेरा वॉर्ड, इलियम आणि टुचांका. प्रत्येक ठिकाणी शेपर्डला मिळणारी वागणूक वेगळी, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडली.

ओमेगावर पाय ठेवताच एक बटेरियन (खेळातल्या परग्रही जातींपैकी एक; पुढचे क्वेरियन, क्रोगन, ट्युरियन, सलेरियन, असारी हेही तसेच) येऊन सांगतो की आरियाला भेटा. म्हणजे इथे मालक कोण, हे धक्क्यावरच कळतं. आफ्टरलाईफ क्लबचा ठोका अंगात घुमतो, बाजार अंधारा, आणि दोन मोठ्या मोहिमा थेट इथूनच सुरू होतात. एक साथीच्या रोगामुळे बंद केलेल्या वस्तीत भावी सोबती मॉर्डिनला शोधायची, दुसरी आर्केंजल नावाच्या बंदूकधाऱ्याची. फिरायची जागा आणि लढायची जागा एकाच भिंतीला लागून असल्यामुळे शहर खरं वाटतं. आफ्टरलाईफच्या खालच्या मजल्यावर बटेरियन बारवाल्याकडे ड्रिंक मागा. तो माणसांना विष घालतो. शेपर्ड वाचते, आणि मग परत जाऊन त्याचा हिशोब करता येतो. बाजारात केन नावाचा क्वेरियन पोरगा अडकलेला आहे, त्याला १,००० क्रेडिट देऊन घरी पाठवा. सुरुवातीला ही रक्कम जड वाटते, तरी द्या.

झाकेरा वॉर्डच्या तपासणीत स्कॅनर सांगतो की तुम्ही मृत आहात. कॅप्टन बेली ती नोंद दुरुस्त करतो. हे सिटाडेल पहिल्या भागाच्या मानानं फार छोटं आहे. दुकानांचे मोजके मजले, आणि प्रेसिडियममधली एक कचेरी. पहिल्यांदा मी हिरमुसले होते. पण जे आहे ते दाट भरलेलं आहे. प्रत्येक दुकानात आपल्या नावाची जाहिरात करू द्या, सवलत मिळते, म्हणून खरेदीच्या आधीच हे करून घ्या. प्रेसिडियमच्या तळ्यात मासे आहेत का यावर वाद घालणारे दोन क्रोगन इथेच भेटतात. त्यांचं आधी पूर्ण ऐका, मगच बोला.

इलियमचं नॉस आस्ट्रा वरून चकचकीत आहे. संध्याकाळचा उजेड, उंच मनोरे, अदबीनं स्वागत. आत मात्र करारावर सही केली की माणूससुद्धा काही वर्षांसाठी विकला जातो. इटर्निटी बारमध्ये एक मानव, एक ट्युरियन आणि एक सलेरियन एका टेबलाशी बसलेले असतात. असारी आपल्याच जातीसारखी दिसते, असं तिघांनाही वाटतं. मुकाट बाजूला उभं राहून ते ऐका. आणि बाहेर चार नावाचा एक क्रोगन एरेबा नावाच्या असारीसाठी मोठ्यानं कविता म्हणत असतो. एवढा आडदांड जीव, आवाज जड, आणि त्या आवाजात तो तिला इलियमचं निळं फूल म्हणतो. एरेबाशी जरूर बोला. या दोघांचं काय झालं ते तिसऱ्या भागात कळतं, आणि इथे थांबला नसाल तर तिथे ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

टुचांका म्हणजे धूळ, तुटलेलं काँक्रीट आणि क्रोगनांचा गराडा. विरमायरवर रेक्स वाचला असेल तर त्या दगडी सिंहासनावर तोच बसलेला दिसतो, आणि तुम्हाला बघून उठून येतो. सगळ्या मालिकेत एखाद्या हबनं माझं इतकं मनापासून स्वागत केलेलं नाही. तिथल्या दुकानात पायजॅकचं मांस मिळतं, ते उर्झ नावाच्या व्हॅरनला (क्रोगनांच्या पाळीव पशूला) घाला. मग तो छावणीभर तुमच्या मागे फिरतो.

वेळेबद्दल एक सूचना. रीपर आयएफएफ (शत्रूच्या जहाजातलं ओळखयंत्र) आणायची मोहीम घेण्याआधी चारही मुक्काम आणि सोबत्यांची कामं पूर्ण करा. त्यानंतर थोड्याच मोहिमांत कथा हात धरून ओढते, आणि त्यावेळी हबमध्ये वेळ काढलात तर त्याची किंमत जहाजावरची माणसं मोजतात.

यानंतर मी २०१७ चा अँड्रोमेडा घेतला. त्यातली जहाजं २१८५ मध्येच निघतात, तिसऱ्या भागातलं युद्ध पेटण्याआधी, म्हणून मधे खेळला तरी गोष्टीला बाधा येत नाही. त्यातलं नेक्सस हे स्थानक अर्धवट बांधलेलं असतं आणि तुम्ही ग्रह वसवत जाल तसं जागं होतं. कल्पना सुरेख आहे, पण विभागाविभागांत ट्रामनं जाताना लय तुटते, म्हणून एकेका खेपेला एकेक विभाग संपवा. आया ही परग्रही नगरी देखणी आहे, पण पाहुण्याला हातभर लांब ठेवते. मला थांबवलं ते कडारा ग्रहानं. वर स्लोन केलीच्या माणसांनी ताब्यात घेतलेलं बंदर, लिफ्टनं खाली उतरलं की झोपडवस्ती आणि टार्टारस बार, जिथे रेयेस विडाल हा तस्कर बसतो. ओमेगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. स्लोन आणि रेयेस दोघांचंही ऐकेपर्यंत कुणालाही शब्द देऊ नका.

आता तिसरा भाग, २०१२ चा. परत एकच हब, सिटाडेल, आणि माझ्या मते मालिकेतला सर्वात चांगला. ओमेगाची वेगळी मोहीम यात आहे, पण ती संपली की तिकडे परत जाता येत नाही. सिटाडेलवर इथे सोबती बरोबर येत नाहीत. शेपर्ड एकटीच फिरते आणि आपले लोक कुठे कुठे भेटतात. कुणी बाकावर, कुणी पर्गेटरी बारमध्ये. ओमेगाची राणी आरियासुद्धा त्याच बारमध्ये, दुसऱ्याच्या कोचावर.

आणि माणसं जागच्या जागी थांबलेली नाहीत. डॉक्समधल्या निर्वासितांच्या कक्षात एक मुलगी सी-सेकच्या (सिटाडेलच्या पोलिसांच्या) ट्युरियन पहारेकऱ्याशी बोलत असते. आईवडील मागच्या जहाजानं येतील, म्हणून ती वाट बघते आहे. दर मोहिमेनंतर गेलं की त्या दोघांचं बोलणं थोडं पुढे गेलेलं असतं. तिला हळूहळू कळत जातं, आणि त्याला ते तिच्याही आधी कळलेलं असतं. जवळच भिंतीवर हरवलेल्यांचे, गेलेल्यांचे फोटो लावलेले आहेत. हुएर्टा रुग्णालयात एक असारी सैनिक आपल्यावर गुदरलेलं पुन्हा पुन्हा सांगते आणि बंदूक मागते. या कुणाशीही थेट बोलता येत नाही. फक्त जवळून जायचं आणि उभं राहायचं.

म्हणून तिसऱ्या भागाचा माझा नियम: प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर सिटाडेल, आणि प्रत्येक वेळी सगळे मजले. निघताना निदान डॉक्स आणि रुग्णालय तरी. कामं इथे कानावर पडून नोंदली जातात, आणि हवी ती वस्तू सापडली तरी खेळातल्या वहीतली नोंद बदलत नाही, हा या भागाचा खरा दोष. मी शेजारी कागद ठेवला होता: कुणाला काय हवं, कुठल्या मजल्यावर. तुम्हीही ठेवा, खूप फेऱ्या वाचतात.

टुचांकाची मुख्य मोहीम हा पहिला मोठा उंबरठा. त्यानंतर सिटाडेलवर जे घडतं त्यात बरीच कामं बुडतात. त्याआधी रुग्णालयातल्या जुन्या ओळखीच्यांना भेटून घ्या. डॉक्समध्ये दुसऱ्या भागातली आपल्या जहाजावरची केली चेंबर्स दिसली तर तिला नाव बदलून राहायला सांगा, हे विसरू नका. आणि उटुक्कू ग्रहावर क्रोगन पथकाची मोहीम कराल तेव्हा वाटेत पडलेली एक नोंद उचला. ती इलियमच्या त्या कवी क्रोगनची, चारची, आहे. सिटाडेलवर एरेबाला नेऊन द्या. त्याचा तोच आवाज, तशीच कविता, पण यावेळी तो समोर नाही. मी तिच्यासमोर उभी राहून ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग खेळ तिथेच सेव्ह करून बंद केला. त्या दिवशी पुढे काही खेळावंसं वाटलं नाही.

सिल्व्हरसन स्ट्रिप हा सिटाडेलचा विभाग २०१३ मध्ये वेगळ्या पुरवणीतून आला होता. लेजेंडरी एडिशनमध्ये तो आहेच. त्याचं बोलावणं लवकर येतं, पण घाई करू नका. सगळे सोबती जमेपर्यंत थांबा आणि सर्बेरस या शत्रू संघटनेच्या मुख्यालयावर जायच्या अगदी आधी तो घ्या. घरातली पार्टी, आर्केड, रिंगण, सगळं रमतगमत करा. मग एकदा डॉक्सला उतरा, त्या भिंतीपाशी जा, कागदावरची उरलेली नावं खोडा आणि बे डी२४ मधून निघा. मुख्यालयाच्या मोहिमेनंतर सिटाडेलवर फिरायला मिळत नाही.