ढग नव्हते ते, आई!

पहाटे 5 वाजता दारावर टकटक. इथे नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये न कळवता कुणी कुणाच्या दारात जात नाही, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. बाहेर शेजारचे काका. (इथे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारतात. मला जमत नाही, मनातल्या मनात काकाच.) म्हणाले, जॅकेट घाल आणि वर बघ, ऑरोरा आलाय (उत्तर ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसतो तो प्रकाश).

वर बघितलं आणि झोपमोडीचा रागच आला. हिरवे पडदे नाहीत, नाच नाही. भाकरीला पडतात तसे फिकट चट्टे आभाळभर. काही सेकंद उजळायचे, विझायचे, पुन्हा उजळायचे. आमच्या जुन्या जिन्यातली ट्यूबलाइट! पाचेक मिनिटांनी लक्षात आलं की सगळे चट्टे सावकाश पूर्वेला, स्वीडनच्या अंगाला सरकतायत.

काका म्हणाले, संध्याकाळचा ऑरोरा बहुधा पश्चिमेला सरकतो, पहाटेचा पूर्वेला. शंभरेक किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित कणांचा प्रवाह दोन्ही वेळी दिवसाच्या बाजूकडे निघालेला असतो. म्हणजे संध्याकाळी मावळलेल्या सूर्यामागे, पहाटे उगवणाऱ्या सूर्याकडे. मला एकदम पटलं.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आईचं उत्तर: "ढग आलेत का गं तिकडे?" मामेभावाचं: "एवढाच?"

या 'एवढाच'वर मला बोलायचंय. हाच मामेभाऊ इथे चार रात्री राहून गेला. रोज रात्री एक वाजता झोपायचा आणि सकाळी मलाच विचारायचा, काल दिसला का? मी काय ऑरोराची टीसी आहे? तुम्ही बघता तो झगझगीत हिरवा रंग निम्मा मोबाइलच्या कॅमेऱ्याचा असतो. डोळ्यांना पुष्कळदा राखाडीच दिसतं. आणि मध्यरात्रीचा दंगा संपल्यावर पहाटे हे चट्टे येतात, तेव्हा टूरवाले हॉटेलात घोरत असतात. मीही चार वर्षं घोरतच होते, ते सोडा.

मग काकांनी त्यांच्या रेडिओच्या खोलीत नेलं. ते हौशी रेडिओवाले. अँटेना उत्तरेला, समोर समुद्र आणि अंधार, आणि आवाज मात्र दक्षिणेकडच्या कुणाचा तरी! सिग्नल ऑरोरातल्या खवळलेल्या विद्युतभारित थरावर आपटून विखुरतो आणि खाली येतो. थराचा प्रत्येक तुकडा वेगळ्या वेगाने पळत असल्यामुळे मोर्सची (टिंब-रेघांच्या संदेशाची) स्वच्छ शिट्टी राहतच नाही, घसा बसल्यासारखी खरखर होते. आभाळ भरलेलं असो वा लख्ख दिवस असो, हा ऑरोरा ऐकू येतो. इथून जवळच, मालविकला, 1970च्या दशकाच्या अखेरीस याच परतणाऱ्या लहरींवरून प्रवाहाचा वेग मोजणारं रडार होतं. त्याचं जोडीदार रडार फिनलंडमध्ये. दोघांनी दोन दिशांनी बघायचं आणि नकाशा काढायचा.

काका हे इतक्या अभिमानाने सांगत होते की मलाही चेव आला. म्हटलं, 2 सप्टेंबर 1859च्या सौर महावादळात आमच्या मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (हे ते मोजायचं एकक) घसरल्याची नोंद आहे. विजेच्या ट्राम मोजमापात ढवळाढवळ करणार म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आमच्या नवीन पनवेलला, माझ्या माहेरापासून रिक्षाने दहा मिनिटं!

"मग तू गेली असशील आत?"

संस्थेजवळच्या कळंबोलीच्या सिग्नलला बस अडकायची तेव्हा मी त्या वयात क्लासची वही उघडून बसायचे. अलिबागला दहादा गेले असेन, ते किनाऱ्यावर. पण आपल्याकडे कोण कुणाला पहाटे उठवून चुंबकत्व दाखवतं? "जाता-येता," म्हणाले मी, आणि कॉफीचा कप तोंडाला लावला.

निघताना त्या खरखरीचं रेकॉर्डिंग करून घेतलं आणि फक्त बाबांना पाठवलं. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले, म्हणजे त्यांचा पेपर वाचून झालेला.

लगेच उत्तर आलं: "आपला ट्रान्झिस्टर पावसाळ्यात असाच वाजायचा. अँटेना जरा फिरवून बघा म्हणावं त्यांना."