चोर्ल्याचा पाऊस आणि लेदर जॅकेट

लेदर जॅकेट घेताना दुकानदार हमखास सांगतो, "काय होत नाही ओ पावसानं, ओरिजनल आहे." आमच्या बेळगावात टिळकवाडीतून कॅम्पात जाईपर्यंत ते खरंही असतं, भुरभुर लागली तर थेंब वरच्यावर ओघळून जातात. पण मला कामासाठी भर पावसाळ्यात मोटरसायकलवरून चोर्ला घाटानं गोव्याला जावं लागतं. पिरनवाडी सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की पावसाची जातच बदलते. कणकुंबीला तर समोरून, बाजूनं, पुढच्या गाडीच्या चाकाखालून, जिथून मिळेल तिथून पाणी.

ते आधी चामड्यातून आत येत नाही, शिवणीतून येतं. जिथं सुई गेली तिथं भोक आहेच, त्यात अंगावर वाऱ्याचा मारा. मग चेन, मग कॉलर. चामडं स्वतः पाणी पितं ते त्यानंतर, आणि एकदा प्यायलं की अंगावर भिजलेलं घोंगडं घेऊन गाडी चालवल्यासारखं वाटतं.

म्हणून वरून सैल रेनसूट. तो मी जांबोटीत चहाला थांबतो तेव्हाच, कोरड्यावर चढवायचा. पुढं गेल्यावर घातला तर ओल आतच कोंडते. ग्लोव्हजची मनगटं बाहीच्या आत सारायची, नाहीतर बाहीवरून उतरलेलं पाणी थेट पंजात साठतं. पावसाळ्यात लेदर वापरूच नये असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. ओल्या रस्त्यावरच घसरायची भीती जास्त, आणि डांबरावर घासलं गेलं तर नुसत्या रेनकोटाच्या चिंध्या होतात.

एवढं करूनही जॅकेट भिजतंच. मग घरी खरी लढाई सुरू होते, ती आईशी. तिला ते न्हाणीत बंबाजवळ टांगायचं असतं.

"आई, तिथं नको गं."

"मग वाळणार कधी ते? घरभर वास सुटलाय!"

तिचंही चूक नाही. पण चामडं मऊ राहतं ते त्याच्यातल्या तेलामुळं. धग लागून पाणी झपाट्यानं उडालं की तंतू आखडतात, जॅकेट कडक होतं आणि पुढं कोपराच्या घडीवर भेगा पडतात. हेअर ड्रायर आणि कडक ऊनही तसंच. मी आधी खांद्या-कोपरातले पॅड काढतो, खिसे उलटे करतो, सुती फडक्यानं पाणी नुसतं टिपून घेतो. जॅकेट रुंद लाकडी हँगरवरच लावायचं. तारेच्या हँगरवर ओल्या चामड्याला खांद्यावर टोकं येतात. बाह्यांत जुने पेपर कोंबायचे, ओले झाले की बदलायचे, आणि पंखा लांबून सोडायचा. आषाढात आमच्याकडं हवेलाच पाणी सुटलेलं असतं, त्यामुळं घाई करून उपयोग नाही.

किंचित दमट असतानाच लेदर कंडिशनरचा पातळ हात द्यायचा. शेजारचे काका खोबरेल सुचवतात. खोबरेलानं काळे डाग पडतात आणि पुढं खवट वास येतो.

बुरशी मात्र काळजी घेऊनही येते, कॉलरच्या खाली, खिशाच्या झाकणाच्या आत, पांढरट-हिरवी. ती घरात झटकली तर पसरते, म्हणून बाहेर पडवीत कोरड्या फडक्यानं पुसायची. मग निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवायचा, आधी आतल्या कोपऱ्यात रंग जातो का बघून. नीट वाळल्यावर परत कंडिशनर. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. वर जुनी चादर पुरते.

मागं अथणीला गेलो होतो तेव्हा एका चपलावाल्या मामांना जॅकेट दाखवलं. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला तो महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांना, त्यात आपलं बेळगावही आहे. सीमाभागात एवढं एकमत दुर्मीळच. मामांनी बाही चिमटीत धरून वाकवली. "हे क्रोमचं हाय, केमिकलात कमावलेलं. आमचं कातडं बाभळीच्या सालीत आन् हिरड्यात पिकलेलं, त्याला पाणी सोसत न्हाई. मिरग लागला की आमी चपला आड्याला टांगतो." जॅकेटला काय लावू विचारलं, तर त्यांनी जॅकेटच्या गंजलेल्या चेनीकडं बोट दाखवलं. "आदी ह्याला मेणबत्ती घासा."

घासली. आता ती अडकत नाही.