तुम्ही विचारलंत म्हणून : बँड बांधले, मग पंप अजून का चालू?

मिरजेला लिव्हरचा पेशंट घेऊन आलेले नातेवाईक हे हमखास विचारतात: ‘रक्ताच्या उलट्या थांबल्या, दुर्बिणीतून बँडही बांधले. मग ते सिरिंजचं मशीन अजून कशाला?’

उसाला पाणी पाजणाऱ्याला हे लगेच कळेल. पुढचा व्हॉल्व्ह बंद आणि मोटर चालू असली की पाइप कच्च्या जागी फुटतो. तिथं रबर गुंडाळलं तरी दाब उतरला नाही तर तो दुसरीकडं फुटणार. लिव्हर कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त तुंबतं, आडवाटेनं अन्ननलिकेच्या खालच्या शिरांत शिरतं आणि त्या फुगतात. बँड म्हणजे ते रबर. दाब उतरवायचं काम औषधाचं.

म्हणून औषध दुर्बिणीसाठी थांबत नाही, संशय आला की लगेच सुरू होतं. दुर्बीण पेशंटला सावरून १२ तासांच्या आत. औषध २ ते ५ दिवस, कारण पुन्हा फुटायचा धोका सुरुवातीच्या दिवसांतच जास्त.

पंपात बहुतेक वेळा दाब उतरवणारं ऑक्ट्रिओटाइड असतं. आधी ५० मायक्रोग्रॅम शिरेतून एकदम, मग तासाला ५०. शंभर मायक्रोग्रॅमच्या पाच अँप्युल आणि सलाइन मिळून ५० मिली केलं, तर वेग तासाला ५ मिली. सिरिंज दहा तास पुरते. घोळ होतो तो इथं. पहाटे सिरिंज संपते, बझर वाजतो, पेशंटची झोप मोडू नये म्हणून कुणीतरी बटण दाबून तो बंद करतं. औषधाचा असर फार वेळ टिकत नाही, दाब परत चढतो. बटणाला हात लावू नका, सिस्टरना उठवा.

दाब उतरवणारं दुसरं औषध टर्लिप्रेसिन. त्याला पंप लागत नाही: दर ४ तासांनी २ मिलिग्रॅम, रक्त थांबलं की १. जत-आटपाडीहून अँब्युलन्सनं यायचं असेल तर हे सोयीचं. पण ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतं. पोटात कळ, जुलाब होतात, सोडियम उतरतं. आधी ईसीजी हवाच; हृदयविकार असेल तर ऑक्ट्रिओटाइड बरं. छातीत दुखलं किंवा बोटं निळी पडली तर तत्काळ सांगा.

ताप नसताना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक रोज १ ग्रॅम का? आतड्यातले जंतू रक्तात गेले तर रक्तस्राव पुन्हा होतो, जीवही जातो. आणि रक्ताच्या चार बाटल्या आणल्या म्हणून चारही चढवायच्या नसतात. हिमोग्लोबिन ७ ते ८ पुरतं. जास्त भरलं तर त्याच शिरांवर ताण येतो.

घरी जाताना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल मिळतं. ‘ही तर बीपीची गोळी, यांना बीपी कुठाय?’ म्हणून ती गावात बंद होते, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. ती लिव्हरकडचा दाब उतरवायला आहे. प्रोप्रॅनोलॉल असेल तर नाडी ५५ ते ६० वर आणायची, आणि दोन्हींत वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. दमा असेल तर आधीच सांगा. चक्कर आली, लघवी कमी झाली तर डॉक्टरांना दाखवा, मनानं सोडू नका. बँडसाठी २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा यायचंच. कंबर धरली म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, दारू तर थेंबभरही नको.

आणि शी डांबरासारखी काळी, चिकट झाली तर उलटीची वाट बघू नका, सकाळचीही नाही. त्याच रात्री गाडी काढा.